सापडलेले गाणे आणि उरलेले ऋण

कला आणि नीती यांच्या संबंधाची मराठी समीक्षेतील चर्चा बहुतांशी आशयाभोवती फिरत राहिली. कलाकृतीने काय सांगावे, सांगितलेल्याचा वाचकाच्या वा श्रोत्याच्या मनावर कोणता परिणाम व्हावा, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या हाताळले गेले. कलावंताने दुसऱ्याकडून जे घेतले त्याचे काय, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. साहित्यात त्याचा विचार अनुकरण, उसनवारी, वाङ्मयचौर्य अशा शब्दांनी होतो. परंतु या सर्व शब्दांत देणारा आणि घेणारा दोघेही नावाने ओळखले जातात असे गृहीत धरलेले असते. देणाऱ्याचे नाव कोठेच नसेल, आपण काही दिले याची त्याला वार्ताही नसेल आणि दिल्यानंतर त्याच्यापाशी तसूभरही उणे झाले नसेल, तर घेणाऱ्यावर ऋण राहते काय? राहत असेल तर ते फेडावयाचे कोणाला आणि कसे? कुमार गंधर्व आणि माळव्याचे लोकसंगीत यांचे नाते हा प्रश्न फार स्वच्छपणे समोर ठेवते.

या नात्याची हकीकत रसिकांना परिचित आहे. तरी तिच्यातील काही तपशील या प्रश्नाच्या अनुषंगाने पुन्हा पाहणे अगत्याचे आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे कानडी घरात झाला. थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणारा मुलगा म्हणून बालवयातच त्यांची ख्याती झाली आणि ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी हेच पुढे त्यांचे नाव झाले. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. १९४७ साली त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने त्यांना गाठले. कोरडी हवा मानवेल या अपेक्षेने १९४८च्या आरंभी ते पत्नी भानुमती यांच्यासह देवासला येऊन राहिले. पुढील सुमारे पाच वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. नवे औषध उपलब्ध झाले, प्रकृतीला उतार पडला आणि १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. परंतु एक फुफ्फुस कायमचे निकामी झाले होते.

देवास हे काही संगीताला पारखे गाव नव्हते. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे संस्थान. दरबारात मराठीचा वावर. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा जबरदस्त गायक याच गावचा. त्या परंपरेच्या सावलीत राहूनही आजारी गायकाच्या कानावर रोज पडत होते ते दुसरेच संगीत. टेकडीवरील देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या बायका, लग्नघरातून येणारे सूर, हाटबाजाराला निघालेली माणसे, भिक्षेसाठी दारात उभे राहणारे नाथपंथी जोगी यांच्या गाण्याला कोणी श्रोता अभिप्रेत नव्हता. ते गाणे एखाद्या कामाचा, ऋतूचा किंवा व्रताचा भाग होते. बिछान्यावर पडलेल्या त्या माणसाला ते ऐकू आले. ज्याची पहिली कीर्ती हुबेहूब अनुकरणाची होती, त्याच्या कंठावर बंदी आल्यानंतर त्याचे श्रवण सुरू झाले, हा या हकिकतीचा मर्मभाग होय. ऐकलेले लगेच गाऊन दाखविण्याची सोय उरली नव्हती. त्यामुळे ते मनात ठेवणे, उलटसुलट पाहणे, त्याचे चलन समजून घेणे एवढेच हाती होते. नकलाकार ऐकतो तो स्वतः गाण्यासाठी. येथे प्रथमच गाण्याच्या गरजेवाचून ऐकणे घडले.

पुढे या श्रवणाला संग्रहाची जोड मिळाली. पतिपत्नींनी माळवी गीते आणि त्यांच्या धुनी टिपून घेतल्या, त्यांची स्वरलेखने केली. या धुनी बहुधा तीन-चार किंवा फार तर पाच स्वरांच्या आवाक्यात फिरतात. शास्त्रीय गायकाला ही मर्यादा वाटते. कुमारांना तीत बीज दिसले. राग हा कोणा पंडिताने स्वरांची मांडणी करून बनविलेला नसून तो धुनीत आधीपासून असतो, गायकाने तो ओळखावयाचा असतो, अशी त्यांची धारणा बनली. या धारणेतून मालवती, संजारी, सहेली तोडी, मधसुरजा, लगन गंधार यांसारखे राग निपजले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. या नामकरणाकडे संगीतशास्त्राइतकेच नीतिशास्त्राच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. नव्या रागाचा कर्ता म्हणून स्वतःकडे सारे श्रेय घेणे त्यांना सहज शक्य होते; संगीताच्या इतिहासात तसे अनेकांनी केलेही आहे. ‘उगम’ या एका शब्दाने त्यांनी आपल्या निर्मितीला एक पूर्वज मान्य केला. शिवाय ‘मालवा की लोकधुनें’ या त्यांच्या कार्यक्रमात या धुनी रागाच्या पोशाखावाचून, धुनी म्हणूनच सभागृहात आल्या. रागाचा कच्चा माल म्हणून त्यांचा उपयोग करून त्या टाकून दिल्या गेल्या नाहीत.

येथपर्यंत सारे उचित आहे. परंतु या कार्याचे वर्णन करताना रसिक आणि समीक्षक जे शब्द सहजपणे वापरतात त्यांच्यापाशी थांबावे लागते. ‘हरवलेली गाणी सापडली’, ‘विस्मृतीत गेलेला ठेवा उजेडात आला’, असे म्हटले जाते. ती गाणी कोणाची हरवली होती? माळव्यात पितृपक्षात कुमारिका ‘संजा’ मांडतात. भिंतीवर शेणाने आकृत्या काढावयाच्या, त्या फुलापानांनी सजवावयाच्या, त्यांच्यापुढे गाणी म्हणावयाची आणि पंधरवडा संपला की सारे पाण्यात सोडावयाचे. महाराष्ट्रातील हादगा-भोंडल्याची किंवा खानदेशातील गुलाबाईची आठवण करून देणारा हा उत्सव आहे. त्यात चित्र टिकविण्याची चिंता कोणी करीत नाही, कारण पुढच्या वर्षी ते पुन्हा काढले जाणार असते. गाण्याचेही तसेच. ते कोठे ठेवलेले नसते म्हणून हरवतही नाही. म्हणणाऱ्या मुली असतात तोवर ते दरवर्षी नव्याने होते. जे गल्लीतून रोज ऐकू येत होते ते सापडले असे म्हणणे म्हणजे ते ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांच्या बहिरेपणाला इतिहासाचे रूप देणे आहे. कुमारांनी लावलेला शोध खरा आहे. मात्र तो गाण्याचा नसून नागर कानाला जडलेल्या दोषाचा आणि त्यावरील उपायाचा शोध आहे.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे ऋणाचा प्रश्न नीट मांडता येतो. ख्यालगायनाच्या घराण्यांत चीज ही मालमत्ता होती. चांगली बंदिश उस्ताद सहजासहजी देत नसत. शिष्याला ती सेवेच्या मोबदल्यात मिळे, कित्येकदा मिळतही नसे. पंडित भातखंडे यांनी गावोगावी फिरून, उस्तादांची मनधरणी करून चिजा मिळविल्या आणि त्या स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा घराण्यांच्या कोठारांचे दरवाजे उघडले गेले. त्या व्यवहारात काय दिले आणि काय घेतले हे उभय पक्षांना ठाऊक होते. माळव्यातील बाईच्या बाबतीत असे काही नव्हते. आपण गाते ते आपल्या मालकीचे आहे असे तिला वाटत नव्हते. ते तिला आईकडून, सासरच्या बायकांकडून आले होते आणि तिच्यापासून पुढे जाणार होते. मालकी नाही तेथे चोरी संभवत नाही. पण मालकी नाही तेथे दानही संभवत नाही. घेणाऱ्याने घेतले, देणारीने दिले मात्र नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे. एकलव्याच्या कथेचे ते उलटे रूप म्हणावे लागेल. येथेही गुरूला ठाऊक नसताना विद्या घेतली गेली; परंतु कीर्ती शिष्याकडे गेली आणि गुरू आपल्या वाटेने पाण्याला निघून गेला.

भारतीय परंपरेपाशी अशा ऋणासाठी एक उत्तर तयार आहे. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्माला येतो, असे धर्मग्रंथ सांगतात. त्यांतील ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ऋषीला काही परत द्यावयाचे नसते. त्याने दिलेले शिकावे, राखावे आणि पुढच्याला द्यावे, हीच फेड. या कसोटीवर कुमारांचे ऋण पुरते फिटले असे म्हणता येईल. त्यांनी धुनी शिकल्या, त्यांचे मनन केले, लिहून ठेवल्या, शिष्यांना दिल्या, आणि ज्या श्रोत्यांनी त्या कधीही ऐकल्या नसत्या त्यांच्यापर्यंत नेल्या. आजाराने थकलेल्या एका माणसाने याहून अधिक काय करावे?

हे उत्तर उदात्त आहे, आणि नेमकी तेथेच त्याची अडचण आहे. ऋषी दिवंगत असतो. पुष्कळदा तो केवळ एक नाममात्र संकेत असतो. त्याला भूक लागत नाही, त्याच्या मुलीचे लग्न अडत नाही, त्याला आपले गाणे मोठ्या सभागृहात कसे वाजते ते ऐकावेसे वाटत नाही. देवासच्या रस्त्याने गात जाणारी बाई जिवंत होती. तिला ‘लोक’ म्हणणे, तिच्या गाण्याला ‘लोकसंगीत’ म्हणणे, ही अभ्यासाची सोय आहे. पण ऋषिऋणाची भाषा या सोयीला पावित्र्य देते, आणि मग तिचे नाव विचारण्याचे कारणच उरत नाही. ‘लोक’ या शब्दाने जितका आदर व्यक्त होतो तितकीच एक व्यक्ती त्याच्याआड दडून जाते. त्याच गल्लीत गाणाऱ्या दहा जणींपैकी एखादीचा स्वर अधिक नेमका लागत असेल, एखादी जुन्या धुनीला आपल्या मनाने वळण देत असेल, एखादीवाचून गाणे सुरूच होत नसेल. तीही कलावंतच होती. समूहाची निर्मिती म्हणून जे ओळखले जाते ते अशा एकेकीच्या निवडीतून घडत आलेले असते.

नावाचा हा प्रश्न कुमारांच्या गायनात आणखी एका ठिकाणी वेगळ्या रीतीने येतो. आपल्या बंदिशींत ते ‘शोक’ ही मुद्रा घालीत. रचनेत कर्त्याने आपले नाव गुंफावयाचे, ही जुनी रीत त्यांनी पाळली. त्यांच्या निर्गुणी भजनांत मुद्रा येते ती कबीराची किंवा गोरखनाथांची. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे देवासला नाथपंथी साधूंचा राबता होता. त्या परिसरातील निर्गुणी पदे आणि ती म्हणण्याची उघडी, बेफिकीर, दूरवर फेकलेली स्वररीत कुमारांनी आत्मसात केली. आता, कबीराच्या नावावर असलेली पदे सर्वच कबीराची नाहीत, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. शतकानुशतके कित्येक अज्ञात गायकांनी आपले पद रचून त्याला कबीराचे नाव दिले. आधुनिक जगात दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपविली जाते. येथे आपली रचना दुसऱ्याच्या स्वाधीन केली जाते. नाव मिटविण्यात ज्यांना धन्यता वाटली त्यांना नाव परत देण्याचा आग्रह कशासाठी धरावा, असा आक्षेप म्हणूनच घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. लग्नाचे गाणे एकीच्या नावावर चढविले तर त्या गाण्याचा स्वभावच बिघडेल, असेही म्हणता येईल.

या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी इतरत्र काय घडले ते पाहणे उपयोगी ठरेल. हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक याने १९०४ साली ट्रान्सिल्व्हेनियातून आलेल्या एका तरुण दाईचे गाणे ऐकले आणि त्याच्या संगीताची दिशा बदलली. तिचे नाव लिदी दोशा. ते नाव आज ठाऊक आहे. पुढे फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरताना गायकाचे नाव, वय आणि गाव यांची नोंद तो करीत असे. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात ओवी गाणारीचे नाव आणि गाव यांना स्थान मिळाले. ती ओवी तिने रचली असा दावा तेथे नाही. ती कदाचित तिच्या आजीची असेल, कदाचित शेजारणीची. ओवी सांगणारी बाई कोण, एवढेच तेथे नोंदलेले आहे. परंतु त्यामुळे ओवीचे रूप पालटते. ‘मराठी स्त्रीचे हृद्गत’ अशा मोघम शीर्षकाखाली वाचलेली ओळ आणि अमुक गावच्या अमुक बाईने म्हटलेली ओळ यांत, दुसऱ्या ओळीपुढे वाचकाला थोडे सावरून बसावे लागते.

वरील आक्षेपाचे उत्तर यात आहे. नावाची नोंद मालकी सिद्ध करण्यासाठी असते असे मानले तर आक्षेप बरोबर आहे. मालकी नसलेल्या ठिकाणी ती लादणे हा अन्यायच. पण नावाचे दुसरेही एक काम असते. ज्याचे नाव ठाऊक आहे त्याच्याकडे परत जाता येते. धुनीचे वळण चुकीचे टिपले गेले काय, शब्दाचा अर्थ भलताच लागला काय, ही गोष्ट चारचौघांत गायलेली चालेल काय, हे त्याला विचारता येते. आणि तो ‘नाही’ म्हणू शकतो. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची जागा आहे त्याच्याशीच नाते जडले असे म्हणता येते. अज्ञात कबीरपंथी रचनाकाराने आपले नाव स्वतः मिटविले. ते त्याचे स्वातंत्र्य होते. लेखनात आणि मैफलीत गायिकेचे नाव राहून जाते तेव्हा ती निवड तिची नसते. मिटविलेले नाव आणि न विचारलेले नाव कागदावर सारखेच दिसते. नीतीच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे.

याचा अर्थ कुमार गंधर्वांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा मुळीच नाही. त्यांच्या काळी लोकगीताचा अभ्यास बहुधा ‘लोकमानस’ या कल्पनेच्या प्रभावाखाली होत होता आणि अनामिकता हेच लोकगीताचे लक्षण मानले जात होते. कानडी घरात जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या आणि माळव्यात परका म्हणून आलेल्या या गायकाने माळवी बोली आणि माळवी स्वर यांची जी आस्था दाखविली ती तेथील सुशिक्षितांनाही त्या काळी दुर्मीळ होती. प्रश्न त्यांच्या पश्चात त्यांचे गाणे ऐकणाऱ्यांपुढे अधिक आहे. निर्गुणी भजन म्हणजे कुमारांचे भजन असे समीकरण सभागृहांत रूढ झाले, तेव्हा त्याच देवास-उज्जैनच्या परिसरात कबीर म्हणणाऱ्या मंडळ्या रात्र-रात्र जागवीत होत्याच. तंबुरा, खंजिरी, ढोलक, मंजिरा एवढ्या साधनांवर गाणारे हे गायक मोठ्या संख्येने दलित जातींतील, शेतमजुरी किंवा लहानशी नोकरी करणारे. कबीर त्यांच्या जगण्याच्या अडीअडचणींत गुंतलेला. मैफलीतील श्रोत्याला तो अध्यात्म म्हणून भेटला. या गायकांना तो जातीच्या उतरंडीविरुद्धचा साक्षीदारही होता. एकच पद दोन ठिकाणी गायले गेले आणि दोन्ही ठिकाणचे श्रोते एकमेकांना ओळखत नव्हते.

ही अनोळख हळूहळू कमी झाली. १९९१ पासून देवास येथे ‘एकलव्य’ या संस्थेने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालविला. त्यात गावोगावच्या मंडळ्या एकत्र बसत, गात आणि गायलेल्याच्या अर्थावर वाद घालीत. कुमार १२ जानेवारी १९९२ रोजी निवर्तले. म्हणजे त्यांचा आवाज थांबत होता त्याच सुमारास त्यांच्याच गावी हे गायक नावानिशी पुढे येत होते. लुनियाखेडीचे शिक्षक प्रह्लादसिंह टिपानिया या मंडळ्यांतूनच सर्वदूर पोहोचले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००८ सालच्या ‘कोई सुनता है’ या शबनम विरमानी यांच्या चित्रपटात कुमारांचा कबीर आणि माळव्यातील मंडळ्यांचा कबीर शेजारी शेजारी ऐकू येतात. या दोन गायनांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा मोह टाळला तर एक गोष्ट ध्यानात येते. कुमारांचे गाणे ऐकून तयार झालेला कान मंडळीच्या गाण्यापाशी अधिक सहज थांबतो. तो कान त्यांनी घडविला. आणि कदाचित त्यांच्याकडून झालेली सर्वांत मोठी फेड हीच असेल.

तेव्हा ऋणाचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक भाग गायकाने फेडला: ऐकून, शिकून, उगम मान्य करून आणि मूळ धुन अभंग ठेवून. दुसरा भाग श्रोत्यावर आणि अभ्यासकावर येऊन पडला आहे. मालवती किंवा सहेली तोडी ऐकून जो डोलतो त्याने त्या रागाच्या कर्त्याला दाद दिली. त्या रागाआधी कोणीतरी ती धुन डोक्यावर घागर घेऊन, कोणाच्याही दादेची अपेक्षा न ठेवता म्हटली होती, हे ज्याला त्या डोलण्यातही आठवते त्याची दाद पुरी होते. पाऊणशे वर्षांपूर्वी देवासच्या त्या घरावरून गात गेलेल्या बाईचे नाव आता कोणाला विचारता येणार नाही. आज कोठल्या तरी गल्लीतून गात चाललेल्या बाईचे नाव मात्र अजून विचारता येण्यासारखे आहे.